मुतब्बक वाचताना

फोन कानाशी नीट धर गो. गणपतीला येऊन दोन दिवसांत पळालीस, म्हणून आमच्या शेजाऱ्याचं मुतब्बक हुकलं तुझं! मैद्याच्या पातळ पोळीत अंडं नि खिमा भरायचा, चौकोनी घडी घालून तव्यावर तळायची.

हा गृहस्थ कुवेतहून परतलेला. तिकडचं "यल्ला", म्हणजे "चल, आटप", सारखं तोंडात. तव्याला "यल्ला", कोंबड्यांना "यल्ला", मलाही "यल्ला काकी, बस!"

रविवारी मला मुद्दाम बोलावलं. पोळीतून पेपर वाचता आलाच पाहिजे, हा त्याचा नियम. पोळी दोन्ही हातांवर घेऊन पेपरावर धरली. "वाच काकी!"

"काय एक दिसणा नाय रे."

त्याने आणखी ओढली, फाटली. दुसरीचंही तेच. त्याची बायको मैद्याचा रिकामा डबा वाजवत म्हणाली, "आता एकच गोळो ऱ्हवलो. तोव फाटलो तर पेज जेवा."

तिसरी पोळी बिचाऱ्याने हळूहळू ओढून पेपरावर धरली. "वाच गो काकी," अगदी केविलवाणा आवाज. तेव्हा माझा हात नाकाकडे गेला. चष्मा घरीच!

मी खणखणीत वाचलं, "मालवणात मासळी महाग!"

"यल्ला!" म्हणत त्याने पोळी तव्यावर टाकली.

बायकोने पेपर उचलून पाहिला. तिथे नुसता साडी नेसलेल्या बाईचा फोटो. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यात मोठा तुकडा माझ्याच ताटात वाढला.

त्याला अजून पत्ता नाही. येत्या रविवारी परत वाचायला बोलावलंय. तू लवकर ये गो, तुझी नजर चांगली आहे.