पंचवीस कोऱ्या सह्या

बायकांची जागा निघाली म्हणून मी सरपंच झाले. त्याआधी शेवंती, झेंडू आणि घर, एवढंच माझं जग. नंतरही ते होतंच, वर गाव आलं. पहाटे फुलं तोडून नाशिकच्या बाजारात न्यायची, आणि तेवढ्यात दारात माणसं उभी. कुणाला रहिवासाचं पत्र पाहिजे, कुणाला शिफारस. मी बाजारात आणि माणूस ओट्यावर ताटकळत. मग मी एक शहाणपणा केला. पंचवीस कोऱ्या लेटरहेडवर खाली सह्या करून, शिक्के मारून नवऱ्याकडे दिल्या. गावाची अडवणूक नको, म्हटलं. शेजारच्या गावातल्या सरपंचबाईनंही असंच केलं होतं. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं.

दोनेक महिन्यांनी बाजारात आमच्या वस्तीवरची एक बाई भेटली. ती तिथं गजरे करून विकते. हातातला दोरा न थांबवता म्हणाली, "ताई, वस्तीची हीर तुमी तुमच्या दिराला दिली म्हणं?"

मी वरवर हसण्यावारी नेलं. नळाला पाणी नसतं तेव्हा अख्खी वस्ती त्या विहिरीवर जगते. तिला लागूनच माझ्या चुलत दिराची जमीन, आणि त्यांना तिथं लग्नाचं लॉन्स बांधायचं होतं, हे मला ठाऊक होतं. फुलं तशीच सोबत आलेल्या सख्ख्या जावेच्या ताब्यात देऊन मी गावाकडे जाणारी जीप धरली. वाटभर स्वतःलाच शिव्या घालत होते.

ग्रामसेवकांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो. त्यांनी फाईल पुढे केली. माझं लेटरहेड. विहीर आणि भोवतालची जागा वापरायला देण्यास पंचायतीची हरकत नाही, असं टाईप केलेलं. खाली माझी सही, चांगली वळणदार.

"सही तुमचीच आहे," ते म्हणाले. "पण ताई, पंचायतीची जागा एकट्या सरपंचाच्या सहीनं जात नसते. ग्रामसभा लागते."

याच ग्रामसभेवर मी किती कुरकुरले होते. साधी मोरी दुरुस्त करायची तरी चार टाळक्यांना विचारा. त्या दिवशी मात्र तिचाच आधार वाटला.

"विषय पुढच्या सभेत आहे," भाऊसाहेब म्हणाले. "आणि सरपंचाचंच पत्र जोडलंय म्हटल्यावर लोक हात वर करतात."

घरी नवऱ्याला विचारलं. "भाऊच आहे. कागद मागितला, दिला," ते म्हणाले. "तू तरी कुठं वाचून सही करतेस?"

आपलेच दात, आपलेच ओठ. बोलले तर भावकी तुटणार, गप्प बसले तर विहीर जाणार. चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. फुलं तोडताना कळ्याच खुडत होते.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी बायकांची वेगळी सभा असते. आमच्याकडे ती कधी भरतच नसे. शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार फिरायचा, बाया पीठ मळता मळता सही नाहीतर अंगठा द्यायच्या, झाली सभा. यंदा मी रजिस्टर बाहेर सोडलं नाही. सगळ्यांना शाळेच्या पडवीत बोलावलं. वस्तीवरच्या बाया आल्या त्या तोंड फिरवूनच बसल्या. मी कोऱ्या सह्यांचं सगळं सांगितलं. लाजेनं कान तापले होते.

मग वस्तीवरची एक म्हातारी म्हणाली, "तू कोऱ्या कागदावर सही दिली, आमी उंबऱ्यात अंगठे दिले. तुला काय बोलायचं? पर हीर द्यायची नाय. तेवढं लिव्ह."

लिहिलं. या खेपेला प्रत्येकीला वाचून दाखवलं आणि मगच अंगठा घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याच पडवीत दिरांनी भर सभेत माझं पत्र वाचलं. मी उठले. "सही माझी आहे, मजकूर माझा नाही," मी सगळ्यांसमोर म्हटलं.

"वहिनी, घरात बोलू," ते म्हणाले.

"विहीर घरातली नाही, भाऊजी."

हात मोजले. विहीर राहिली. दिरांच्या घरचं आमंत्रण तेव्हापासून येत नाही.

घरी येऊन मी उरलेले कागद मागून घेतले आणि चुलीत घातले. वापरलेल्यांचा हिशोब लावला तर दोन कागद कमी. नवरा म्हणतो, आठवत नाही. दोन कागद, खाली माझी सही, वर कुणी काय लिहिलं असेल देव जाणे. दर सभेआधी मी वस्तीवर स्वतः जाते, घरोघरी सांगते, उद्या या, बसा, ऐका. लोक म्हणतात, सरपंचबाई किती कळकळीची. त्यांना काय सांगू? ते दोन कागद ज्या दिवशी निघतील, त्या दिवशी माझ्या सहीला नाही म्हणायला पडवीत माणसं हवीत.