नव्या डिस्कला हळदकुंकू

दुपारचं जेवण झालंय. टेबलावर लॅपटॉप उलटा पडलाय. त्याच्या पोटात नवी हार्ड डिस्क आहे, स्क्रू मी स्वतः आवळलेत. पण चालू केला की पडद्यावर एकच ओळ येते, डिस्क सापडत नाही. तीनदा बघितलं. आता बसल्या जागी डोळे मिटतायत.

लॅपटॉप शालनचा. शालन माझी बायको, तिला जाऊन आठ महिने झाले. नातीसाठी, रेवासाठी, तिने एक्केचाळीस गोष्टी आपल्या आवाजात भरून ठेवल्यात. त्या जुन्या डिस्कवर आहेत आणि ती डिस्क आता टकटक वाजते. दुकानदार म्हणाला, "काका, फार तर एकदा चालेल. आधी नवी बसवा, मगच हिला हात लावा."

टकटक ऐकू येते. समोरच्या खुर्चीत शालन बसलीय, चष्मा कपाळावर चढवून.

"अहो, हे काय करून ठेवलंय?"

"नवी डिस्क बसवलीय."

"ते दिसतंय. काढा बघू."

मी काढतो. टेबल आता तिच्या शाळेतला बाक झालाय, तिसरीच्या वर्गातला. माझे गुडघे आत मावत नाहीत. ती फळ्यापाशी उभी राहून डिस्क खिडकीच्या उजेडात धरते आणि हसायला लागते.

"हिला हळदकुंकू कुणी लावलं?"

"मी. तू लावायचीस ना. मिक्सरला, फ्रिजला, माझ्या सायकलला."

"मी पाठीवर लावायचे हो! तुम्ही हिच्या दातांवर लावलंत, तेही ओल्या बोटानं. हे सोनेरी दात लॅपटॉपला टेकायला नकोत? सूतगिरणीत तीस वर्षं फिटर होतात म्हणे."

"मला वाटलं, हे तिचं तोंड."

"तोंडच आहे. ते बंद करून ठेवलंत."

ती खणातून खोडरबर काढते आणि दात घासायला लागते, अगदी हलक्या हातानं.

"पाणी लावायचं नाही. असं घासायचं."

बाक लांब होतो. आता तो दवाखान्याच्या व्हरांड्यातला बाक आहे, ऊन मात्र शाळेतलंच. जुनी डिस्क माझ्या मांडीवर टकटकते आहे.

"ही मध्येच बंद पडली तर?" मी विचारतो. "तुझा आवाज कुठून आणू?"

"तर तुम्ही सांगा तिला गोष्टी. दाराआडून सगळ्या ऐकल्यात."

"मला नाही जमत."

"सोळाव्या गोष्टीत मला ठसका लागला, तेव्हा कोल्हा कोण झालं होतं?"

"मीच."

"मग? रेवाला तोच कोल्हा आवडतो."

ती डिस्कवर फुंकर मारते आणि माझ्या हातात देते. "बसवा. तिरकी घालू नका."

जाग येते. चार वाजलेत. नवी डिस्क लॅपटॉपच्या बाहेर, टेबलावर आहे. चारही स्क्रू बशीत. सोनेरी दात लख्ख झालेत आणि शेजारी खोडरबराचा तांबूस चुरा पडलाय. मी सगळे खण बघतो. घरात खोडरबर नाही.

डिस्क सरळ बसवतो. जुनी वायरनं जोडतो. पडद्यावर दोन्ही दिसतात. टकटक चालू आहे, पण पहिली गोष्ट उतरली. दुसरी उतरतेय.

मी उठून पंखा बंद करतो. चुरा उडायला नको.