स्मार्ट बोर्डाचे खोके

माझ्या दुसरीच्या वर्गात एक लोखंडी कपाट होते. दाराच्या आतून मी यादी चिकटवली होती: नवरात्रीत मोडलेल्या दांडिया, दहा-दहाच्या जुड्या करून रबर लावलेल्या, काही सुट्या, उतरायणाचे पतंग उडवून झाल्यावर गच्च्यांवरून गोळा केलेल्या मांजाच्या रिकाम्या फिरक्या, बाटल्यांची झाकणे, लाल वेगळी, निळी वेगळी, आणि पुठ्ठ्याचे घड्याळ, ज्याचा तासकाटा दरवर्षी नवा करावा लागतो. बडोद्यात शिकवणाऱ्याने सणाच्या दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन बाहेर पडावे. वर्षभराचे साहित्य रस्त्यावर पडलेले असते.

मग आमच्या मराठी शाळेला कुणीतरी स्मार्ट बोर्ड भेट दिला. तो लावायला योग्य भिंत कोणती याची पाहणी झाली, आणि योग्य भिंत नेमकी माझ्या कपाटामागे निघाली.

"बाई, शनिवारी भंगारवाला येतोय," मुख्याध्यापक म्हणाले. "कपाट रिकामे करून ठेवा."

"आणि आतले सामान?"

"त्याचे फोटो काढून टाका ना! डिजिटल झाले की वस्तू कशाला सांभाळायच्या?"

माझी अडचण वेगळी होती. हातच्याच्या वजाबाकीचा आठवडा चालू होता आणि वर्गातली एक मुलगी, वडील कोयलीच्या रिफायनरीत, बावीसमधून सात वजा करून रोज पंचवीस आणत होती. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन काढायची. हिशेब तिच्या बाजूने चोख होता. तिच्यासाठी जुडीचे रबर सोडायला लावणे हा एकच उपाय मला ठाऊक होता, आणि जुड्या भंगारात निघाल्या होत्या.

तरी सांगितलेले काम मी केले. यादीतल्या प्रत्येक वस्तूचा फोटो, फोटोला क्रमांक, क्रमांकाप्रमाणे फोल्डर. फोटोत दांडिया सरपणासारख्या दिसत होत्या. बोर्डाचे प्रशिक्षण एक दुपारभर झाले. त्यातला बराच वेळ फोल्डरला नाव काय द्यावे यावर गेला. चहा चांगला होता.

शुक्रवारी बोर्डावर पहिला तास घेतला. पडद्यावर दहाची जुडी दिसते. बोट लावले की ती फुटून दहा काड्या होतात आणि टाळ्या वाजतात. एक बोर्ड, एकतीस मुले.

"बाई, हा दोनदा गेला!"

"खोटं! पहिल्यांदा टाळ्या वाजल्याच नाहीत!"

"आता माझा नंबर!"

त्या मुलीचा नंबर आला. तिने बोट लावले, टाळ्या वाजल्या, ती जागेवर गेली आणि वहीत लिहिले: पंचवीस.

"अगं, हे कसं आलं?"

"बाई, टाळ्या वाजल्या की!"



शाळा सुटल्यावर शिपाईदादांनी व्हरांड्यातले बोर्डाचे भलेमोठे खोके उचलले. "बेन, आ खोखुं फेंकी दऊं?"

मी मान हलवणार तोच मुख्याध्यापक धावत आले. "नाही, नाही! वॉरंटी संपेपर्यंत खोके ठेवायचे. बोर्ड जिथे, खोके तिथे. कुणी हात लावायचा नाही!"

आपल्याकडे मिक्सर बिघडून जातो, पण त्याचे खोके माळ्यावर सुखरूप असते. या श्रद्धेचा मला असा उपयोग होईल असे वाटले नव्हते. खोके मी स्वतः वर्गात नेले, बोर्डाखाली आडवे ठेवले आणि यादीप्रमाणे एकेक वस्तू आत लावली. शनिवारी भंगारवाल्याने कपाट नेले. रिकामे.

सोमवारी पहिल्याच तासाला तपासणीचे साहेब आले. त्यांच्या फॉर्मवर दोन रकाने होते: डिजिटल साहित्य आणि हाताने करण्याचे साहित्य. पहिल्यात खूण झाली. दुसऱ्याशी पेन थांबले.

"हे पण बोर्डावरच आहे, साहेब," मुख्याध्यापक म्हणाले. "मुले हातानेच दाबतात ना!"

"सरस!" साहेबांनी दुसरी खूण केली. लिहिताना फॉर्म त्यांनी खोक्यावर टेकवला होता. "यात काय आहे?"

"पॅकिंग आहे. वॉरंटीचे," मुख्याध्यापकांनी सांगितले.

आत काय आहे ते ठाऊक असलेली एकतीस मुले माझ्याकडे बघत होती. मी फळ्याकडे वळून तारीख लिहिली. ती आधीच लिहिलेली होती.

दोघे गेल्यावर मी खोके उघडले आणि त्या मुलीला बोलावले. दोन जुड्या, दोन सुट्या. "यातल्या सात मला दे."

तिने दोन दिल्या आणि थांबली. जुडीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"सोडू?"

"तूच ठरव."

रबर निघाले, दांडिया फरशीवर घरंगळल्या. तिने आणखी पाच माझ्या हातात मोजल्या. खाली काय उरले ते तिने दोनदा मोजले.

"पंधराच आहेत," ती जरा रागाने म्हणाली. "मग पंचवीस कुठून येत होते?"

"तूच आणत होतीस."

तिने बोर्डाकडे पाहिले. तो बंद होता. मग माझ्याकडच्या सातांतल्या पाच मागून घेतल्या, दहा पुऱ्या करून रबर चढवले आणि जुडी खोक्यात जागेवर ठेवली. यादी मी आता झाकणाच्या आतून चिकटवली आहे. तिच्या खाली वॉरंटी संपण्याची तारीख लिहिली आहे. त्याआधी दुसरे खोके शोधायचे आहे.