तो भेटला

लेकीचे मेसेज मी वाचत असे. अकोल्याच्या वसतिगृहात राहायला जाताना ती अमरावतीच्या घरातल्या लॅपटॉपवर आपलं व्हॉट्सअॅप उघडंच ठेवून गेली, आणि मी ते बंद केलं नाही. दार उघडं असताना चोरी कशी म्हणायची, असा युक्तिवाद मी स्वतःशी करी. मराठी शिकवून पोट भरतो. स्वतःला पटेल असं वाक्य मला केव्हाही जुळवता येतं.

हे सगळं घडलं त्याच आठवड्यात एका पालक मेळाव्यात मी ‘मुलांवर विश्वास ठेवा’ या विषयावर बोलून आलो होतो. शाल मिळाली, नारळ मिळाला, अध्यक्षांनी मला ‘ऋषितुल्य’ म्हटलं. ऋषी घरी आले, चपला काढल्या आणि लॅपटॉप उघडून बसले.

कारणं होती. अकरावीला गेल्यापासून मुलगी बदलली होती. क्लासच्या टेस्ट बुडवायची, विचारलं की फोन कापायची. डॉक्टर व्हायचं म्हणून मी तिची कबड्डी बंद केली होती, तो राग वेगळाच. दिवाळीत तर म्हणाली, “तुमी माह्याशी बोलता कुठं? नुसती चौकशी करता.”

मेळाव्यानंतर दोनच दिवसांनी, सकाळी तिने मैत्रिणीला लिहिलं होतं : “तो भेटला आज. एकदम मस्त हाये. बाबाले माहीत झालं तं संपलंच.”

मी बायकोला हाक मारली.

“लेकीचं काहून वाचता तुमी?” ती आतूनच म्हणाली.

“वाचलं म्हणून तर कळलं!”

“मंग फोन लावा, इचारा तिले.”

फोन मला पुरेसा गंभीर वाटला नाही. मी एसटी धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत त्या ‘तो’ला मी मिशी आणि मोटारसायकल दिली होती, अकोल्यात उतरलो तेव्हा त्याच्या वडिलांना काय सुनवायचं, तेही तयार होतं.

वसतिगृहाच्या बाईंनी मागच्या मैदानाकडे बोट दाखवलं. मुली कबड्डी खेळत होत्या. माझी लेक चढाईला निघालेली. मी रेषेपाशी जाऊन सगळ्यांसमोर विचारलं, “कोण भेटला तुला?”

ती थबकली. “कोन?”

“तोच. एकदम मस्त आहे म्हणे.”

तिला कळायला जरा वेळ लागला. मग अंगातल्या निळ्या टी-शर्टची बाही तिने चिमटीत धरली. “ड्रेस भेटला, बाबा. टीमचा.”

“काका,” मागून एक मुलगी म्हणाली, “ड्रेससंगं कोनी पयून जाते का?” मैदान हसलं. माझी लेक तेवढी हसली नाही.

आमच्या वऱ्हाडात माणसं भेटतात तशा वस्तूही भेटतात. गाडीत जागा भेटते, कापसाला भाव भेटतो. माझी आई असंच बोलायची. शहरात शिकायला जाईपर्यंत मीही. लेकीला मात्र मी ‘वस्तू मिळते’ असं घोकून घेतलं, आणि तिचा मेसेज वाचताना तिची भाषा न वाचता माझी वाचली. चोरून वाचण्यातही नापास.

ती मला स्टँडवर सोडायला आली.

“कुठं वाचलं?”

“घरच्या लॅपटॉपवर.”

“कधीपासून?”

“तू गेलीस तेव्हापासून.”

आता माफी मागायची होती. तोंडातून निघालं, “परवाची टेस्ट कशी गेली?”

तिने मोबाइलचं लॉक उघडलं आणि तो माझ्यापुढे धरला. “घ्या. आता समोर बसून वाचा.”

नको, असं म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. पण त्याआधी माझा हात पुढे गेला होता.

तिने तो हात पाहिला. मोबाइल खिशात घातला.

“तुमची गाडी लागली,” म्हणाली, आणि गाडी हलायची वाट न पाहता मैदानाच्या दिशेने चालू लागली.