जैनोद्दीनभाईंचा हौद

धाराशिवला आमच्या घरामागच्या बागेत पोहण्याचा हौद होता. बारा हात लांब, आठ हात रुंद. पायरीकडं कमरेइतकं पाणी, पलीकडं गळ्याइतकं. विहिरीवरची मोट चालली की पाटानं भरायचा. घरात पोहायला हौद बांधणारं गावात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून लोकांनी मामंजींना नावं ठेवली. "महालिंगप्पा या वयात नबाब झाले," असं पेठेत म्हणत. खरं कारण वेगळं होतं. वाऱ्याच्या झटक्यानं मामंजींचा डावा पाय लुळा पडला होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज अर्धा घंटा पाण्यात हातपाय हलवा, नाहीतर पाय वाळेल.

हौद बांधला जैनोद्दीनभाईंनी. वय पंचावन्नच्या पुढं, अंगानं किरकोळ, चुन्यानं खाल्लेली बोटं. चुनेगच्चीचं, म्हणजे चुन्याच्या पक्क्या गिलाव्याचं, काम त्यांच्या घरात तीन पिढ्यांचं. बैलाच्या चुनाघाणीत आठ दिवस चुना मळायचा, त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा चीक, मग थरावर थर. आमच्या ह्यांनी घाई केली तर म्हणायचे, "मालक, चुना आन् जावई, घाई केली की रुसत्यात." गिलावा झाला की डोळे मिटून सगळ्या भिंतीवर तळहात फिरवायचे. कुठं खरखर लागली तर तेवढा तुकडा पुन्हा घासायचे. त्यांच्या बायको ताहेराबी घरून भाकरी पाठवायच्या. ती भाकरी उन्हं कलली तरी फडक्यात तशीच असायची.

हौद भरला, मामंजी पाण्यात उतरू लागले. चार महिन्यांत काठी धरून ओसरीपर्यंत यायला लागले. आणि मग शेवाळ धरलं.

पहिल्यांदा पायरीच्या कोपऱ्यात हिरवी झाक दिसली. आठ दिवसांत पाणी वाटलेल्या कोथिंबिरीसारखं झालं. जैनोद्दीनभाईंनी मोरी उघडून पाणी केळींना सोडलं, विटेच्या तुकड्यानं अन् खराट्यानं हौद घासला, चुन्याची निवळी फिरवून धुतला. पुन्हा भरला. दहाव्या दिवशी पुन्हा हिरवा. मोरचुदाची पुरचुंडी बांधून पाण्यात फिरवली, तेव्हा थोडं थांबलं, पण मामंजींच्या अंगाला खाज सुटली. कॉलऱ्यात विहिरीत टाकतात ती लाल दवा दवाखान्यातून आणली. पाणी जांभळं झालं, मामंजींचं धोतरही जांभळं झालं, आणि पंधरा दिवसांत हिरवं ते हिरवंच. शेवटी ऊन लागू नये म्हणून वर तट्ट्यांचा मांडव घातला. त्यानं शेवाळ जरा उशिरा यायला लागलं, एवढंच.

दर खेपेला जैनोद्दीनभाई न बोलावता यायचे. घासण्याचा एक दामही त्यांनी घेतला नाही. "माजा हौद हाय," एवढंच म्हणायचे.

फसली तेराशे चोपन्नच्या, म्हणजे पंचेचाळीस सालच्या, आषाढात मामंजी शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. हाड मोडलं नाही, पण पाण्याची धास्ती बसली. उतरेनात. ह्यांनी बब्रुवान गवंड्याला बोलावलं. तो सोलापूरला गिरणीच्या कामावर राहून आलेला. त्यानं नखानं भिंत खरवडली.

"ह्यात गूळ हाय ना?"

"हाय," जैनोद्दीनभाई म्हणाले.

"मग मुंग्या कशा न्हाय लागल्या तेच नवल. गूळ पाझरतुया, म्हणून शेवाळ. समदं खरवडून सिमेट लावा. जुनी माणसं भिंत बांधत्यात का पुरणपोळी करत्यात, कळत न्हाय."

ह्यांना हसू आलं. जैनोद्दीनभाईही हसले, पण त्यांचा हात भिंतीवरून खाली आला नाही. चार दिवसांत ही गोष्ट पेठेत गेली आणि पेठेतल्या चन्नबसप्पांनी आपल्या पाण्याच्या टाक्याचं दिलेलं काम जैनोद्दीनभाईंकडून काढून घेतलं. हौदाची गच्ची फोडली असती तर पुढं गावात त्यांना कुणी चुन्याचं काम दिलं नसतं. हे सगळ्यांना कळत होतं.

जैनोद्दीनभाई मामंजींपुढं येऊन उभे राहिले. "अप्पा, फोडायचं तर फोडा. पर एक डाव मला हौद भरू द्या. बागेच्या दाराला कुलूप घालतो, किल्ली माज्यापाशी ठेवतो. एकवीस दिवस कुणी जाऊ नका. मग बब्रुवानला बोलवा."

"आमच्याच बागेला आम्हालाच कुलूप?" ह्यांनी विचारलं.

"घालू दे," मामंजी म्हणाले. "मी तसाही पाण्यात उतरत नाही."

मला त्या कुलपाचा राग आला, आणि तो कुणाला सांगता येईना. मामंजींचा पाय सुटावा म्हणून मी नेम धरला होता. रोज लिंगपूजेचं तीर्थ आणि सोमवारी पंचामृताचा अभिषेक झाला की ते सगळं, वाहिलेल्या फुलांबेलासकट, झुंजुमुंजू असताना पायरीच्या कोपऱ्यातून हौदात सोडायची. मामंजी त्याच पाण्यात उभे राहत, म्हणून. दूध, दही, मध, केळं, साखर. सोमवारी तांब्याभर व्हायचं. नेम बोलून दाखवला की फळ जातं, असं माझ्या आईनं शिकवलेलं. म्हणून ह्यांनाही ठाऊक नव्हतं. ते एकवीस दिवस मी तीर्थ बेलाच्या बुडाशी घातलं आणि शिवाची क्षमा मागितली.

एकविसाव्या दिवशी श्रावण लागला होता. कुलूप काढलं. तळाची गच्ची दिसत होती, तिच्यावरचे गिलावा घोटायच्या पाट्याचे वळसेसुद्धा. मोटेवर बसलेल्या पाखराचं पीस तरंगत होतं, एवढंच.

ह्यांना वाटलं, काहीतरी दवा टाकली. बब्रुवान म्हणाला, "ढगाळ हवा हाय, ऊन न्हाय. दसऱ्याला बगा." मी घरात आले आणि माझी रोजची वही काढली. सोमवार, अभिषेक, तीर्थ हौदात. शुक्रवार, पाणी फिरलं. सोमवार, अभिषेक. शनिवार, हौद हिरवा. दीड वर्षाची पानं चाळली. माझ्याच अक्षरात होतं सगळं.

जैनोद्दीनभाई बागेत अवजारं गोळा करत होते. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मोरीत दर खेपेला बेलाची पानं निघायची, आक्का. झाड तर हौदापासनं लांब हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी अप्पांच्या पायासाठी दुवा टाकत व्हता. ती काढा म्हणून म्या कोण सांगणार?"

"तुमचं नाव गेलं असतं."

"जाऊ लागलं म्हणून तर कुलूप मागितलं," ते म्हणाले.

आता बोलले तर दीड वर्षाचा नेम वाया, न बोलले तर जैनोद्दीनभाईंवरचा ठपका तसाच आणि दसऱ्याला पुन्हा बब्रुवान. मी देवघरात जाऊन थोडा वेळ बसले. शिवाला विचारलं, असं म्हणणार नाही. दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन कुठलं फळ मागायचं, एवढंच मनात आलं. मग ओसरीवर गेले आणि मामंजींना सगळं सांगितलं.

मामंजींनी काठी बाजूला टेकवली. मग म्हणाले, "म्हणजे शिवम्मा, दीड वर्ष मी फळं घातलेल्या दुधात पोहत होतो. तरीच माशा बसायच्या."

ह्यांनी जैनोद्दीनभाईंना बोलावून माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच मध्ये बोलले. "समदं आक्काच्या माथी मारू नका मालक. उघडं पानी हाय, शेवाळ थोडं येणारच. महिन्याला घासावं लागंल." मामंजींनी माणूस पाठवून चन्नबसप्पांना घरी बोलावलं, हौदाच्या काठाशी उभं केलं आणि गच्ची हातानं तपासून बघायला लावली. टाक्याचं काम जैनोद्दीनभाईंना परत मिळालं.

शेवाळ पुढंही येत राहिलं, महिन्या दीड महिन्यानं, पातळसं. जैनोद्दीनभाई येऊन घासून जायचे. मामंजी काठीशिवाय कधी चालले नाहीत, पण पुन्हा पाण्यात उतरू लागले. उतरताना जैनोद्दीनभाई काठावर असले तर हात पुढं करायचे, आणि मामंजी तो धरायचे.