गिटारच्या केसवर कोण बसलं?

"हे काय रिपेअर केलं बे तू?"

दिवाकरभाऊंनी गिटारची केस माझ्या काउंटरवर अशी आदळली की दोऱ्याची रिळं टणाटणा खाली. त्यांच्यामागे प्रणाली. तिनं गिटार चादरीत गुंडाळून छातीशी धरली होती, तापलेल्या लेकराला दवाखान्यात आणतात तशी.

"काय झालं भाऊ?"

"काय झालं म्हणून मलेच विचारून राहिला? मागच्या महिन्यात तुह्याकडून केस नीट करून नेली. अन् काल चालू गाण्यात गिटार बेसूर! मी वर जाऊन राहिलो, गिटार खाली जाऊन राहिली. लोक हासले ना बे!"

"केसमुळे काहून बेसूर होईल?"

"ते मले नको विचारू. शनिवारी अड्याळले प्रोग्राम हाये. तोपर्यंत जमलं तर जमलं, नाही तर गिटार बंद. कीबोर्डात गिटारचा आवाज हायेच. रोशन बटन दाबते, काम खतम."

प्रणालीनं चादरीची गाठ तेवढी आवळली.

माझं डोकंच सटकलं. पण थांबा, आधी कोण कोण ते सांगतो, नाही तर मी एकटाच भडकेन आणि तुम्ही बघत बसाल.

मी पंकज. पवनीत माझं सीट-कव्हरचं दुकान. बाइकच्या सीटा, ऑटोच्या गाद्या, ट्रॅक्टरची ती गोल सीट, सगळं शिवतो. दिवाकरभाऊंची भीमगीतांची पार्टी आहे. मालक तेच, मुख्य गायकही तेच. आवाज खरंच दमदार, खोटं कशाला बोलू. प्रणाली त्यांच्या पार्टीत गिटार वाजवते. वाजवणाऱ्यांत ती एकटी मुलगी. पोरांच्या शिकवण्या घेऊन तिनं नागपूरहून सेकंडहँड गिटार आणली, तिच्यासोबत ही केस आली.

केस म्हणजे डोक्यावरचे नाही, कोर्टातली पण नाही. गिटारच्या आकाराची पेटी. बाहेरून रेक्झिन, मधे प्लायवूड, आतून फोम आणि मखमलीचं कापड. गिटारच्या लांब दांडीला मान म्हणतात, तिच्याखाली आत एक लाकडी ठोकळा असतो. उशीच म्हणा ना. झाकणाचं काम एकच, गिटारला हात न लावता वर राहायचं. पवनीत अशी केस विकत मिळत नाही. प्रणालीनं ऑनलाइन मागवून पाहिली. फोटोत पेटी, घरी आली कापडी पिशवी! परत पाठवली आणि जुनीच माझ्याकडे आणली. मी हँडल बदललं, दोन्ही लॉक नवे लावले, फाटलेलं रेक्झिन शिवलं.

आता तीच केस माझ्यासमोर होती. हँडल पाहिलं, पक्कं. लॉक पाहिले, टकाटक लागतात. शिलाईचा एक टाका हललेला नाही. मग झाकणावर हात फिरवला आणि थांबलो.

झाकण मधोमध बसलेलं. मी दिलं तेव्हा सपाट होतं, आता आत दबलेलं. ताटासारखं.

"गोसेच्या रोडनं आदळते रे गाडी," भाऊ म्हणाले. "गड्ढे किती हायेत माहीत हाये ना?"

"भाऊ, आदळलेली वस्तू कोपऱ्यावर फुटते. हे मधे खचलं हाये, गोल. अन् उजव्या बाजूला जास्त."

"मग?"

मग काय सांगू! मी सीटवाला आहे हो! माणूस बसून बसून फोम कसा खचतो हे मी रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघतो. हा फटका नव्हता. ही बैठक होती. कोणीतरी या झाकणावर बसत होतं, एकदा नाही, रोज.

केस उघडली. झाकणाच्या आतल्या मखमलीवर सहा रेघा उमटलेल्या. तारांच्या! म्हणजे वरून वजन आलं की झाकण खाली तारांना टेकत होतं. तारा ज्या पट्टीला बांधलेल्या असतात तिला ब्रिज म्हणतात, आणि ब्रिजखालचं लाकूड फार पातळ असतं. पातळ असतं म्हणूनच वाजतं. ते दाबलं गेलं की सूर हलणारच. असंच चाललं तर एक दिवस ब्रिज उखडून हातात येणार. मग शनिवार काय, गिटारच संपली.

"हिच्यावर कोण बसते?" मी विचारलं.

"कोणी नाही बसत," भाऊ.

प्रणालीनं एकदम छताच्या पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.

मी म्हटलं, ठीक आहे. "भाऊ, तुम्ही बसा ना. चहा सांगतो." कोपऱ्यातल्या स्टुलावर जुन्या मऊ फोमचा तुकडा टाकला. भाऊ बसले. चहा आला, बशीत ओतून सावकाश प्याले, तोवर मला मागच्या प्रोग्रामची पूर्ण गर्दी सांगून झाली. ते उठले. जुना फोम लगेच वर येत नाही, हळूहळू फुगतो. त्यावर मधे गोल खड्डा, आणि उजव्या बाजूला चौकोनी ठसा. पाकिटाचा. भाऊंच्या मागच्या खिशात हे जाड पाकीट असतं, विटेएवढं.

मी केस उचलून फोमच्या बाजूला ठेवली. झाकणावर उजवीकडे तोच चौकोन, रेक्झिन घासून गुळगुळीत झालेलं.

"हे कोणाचं पाकीट होय भाऊ?"

भाऊंनी आधी फोमकडे पाहिलं, मग केसकडे. मग हात हळूच मागच्या खिशाकडे गेला.

"एखाद्या वेळी टेकत असन मी."

"भाऊ, रोज बसता," प्रणाली म्हणाली. दुकानात आल्यापासूनचं तिचं पहिलं वाक्य. "मी किती वेळा सांगतलं. तुम्ही म्हणता, पेटी मजबूत हाये, काय होते."

"मग काय उभ्यानं जाऊ अड्याळपर्यंत? पार्टीचा मालक मी! समोर ड्रायव्हर अन् साउंडवाला बसते. मागे सगळं सामान. बसू कुठं?"

"मी उभी राहते ना जी," ती म्हणाली. "केस माही हाये. मी एकदाही नाही बसली तिच्यावर."

आता तुम्हीच सांगा! ज्याच्यामुळे गिटार बेसूर, तोच सांगतो गिटार बंद! जिची गिटार ती टेम्पोत दांडा धरून उभी, आणि बसणारा मला येऊन विचारतो की काय रिपेअर केलं! माझ्या हातात कात्री होती, ती मी आधी खाली ठेवली. मग भाऊंना जे बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. शेवट एवढाच होता: "बेसूर गिटार नाही झाली भाऊ, बेसूर तुमची बैठक झाली!"

भाऊ चिडले. "लहान तोंडी लय बोलून राहिला तू!" पण गेले नाहीत. शनिवार त्यांचाही होता.

मी म्हटलं, नवीन झाकण करतो. जाड प्लाय, खाली लोखंडी पट्टी. हत्ती बसला तरी वाकणार नाही.

प्रणाली म्हणाली, "मजबूत नको करू पंकजदादा."

"काहून?"

"आता एकटे बसतात. मजबूत केली की दोघं बसतील."

बरोबर बोलत होती ना ती! मी सीटवाल्याच्या डोक्यानं विचार करत होतो. आमच्या धंद्यात सगळी अक्कल माणूस आरामात कसा बसेल याच्यात जाते. इथं उलटं काम होतं. माणूस बसूच शकणार नाही असं काहीतरी पाहिजे होतं.

मग छप्पर सुचलं. कौलारू घराचं असतं तसं, मधे उंच आणि दोन्हीकडे उतार. पातळ प्लाय ओली करून वाकवली, मधोमध लाकडाचा कणा दिला, वर सगळ्यात गुळगुळीत रेक्झिन चढवलं. बाइकच्या सीटला ते कोणी लावत नाही, ब्रेक मारला की माणूस टाकीवर येतो. आतून झाकण आणि तारांमधे चार बोटं जागा सोडली. प्रणालीनं तोवर तारा ढिल्या करून गिटारला आराम दिला. ब्रिज उखडला नव्हता, एवढं नशीब.

शनिवारी दुपारी मी मुद्दाम टेम्पोजवळ गेलो. काम पाहायला. बरं, खरं सांगतो, तमाशा पाहायला. सामान चढलं, ढोलक चढली, पोट्टे चढले. भाऊ चढले आणि सवयीनं, बोलता बोलता, केसवर टेकले. टेकले आणि सर्रकन घसरून ढोलकवाल्याच्या मांडीवर!

"बाप्पा! भाऊ, घरी सांगून आले का?" ढोलकवाला म्हणाला, आणि अख्खा टेम्पो हसत सुटला. प्रणाली पण. मी तर मडगार्ड धरून हसलो. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बाइक काढून त्यांच्या आधी अड्याळला पोचलो.

गिटार शेवटच्या गाण्यापर्यंत सुरात राहिली. भाऊ वर गेले, गिटार सोबत वर गेली. ते माझ्याशी बोलले नाहीत, पण कीबोर्डचंही नाव काढलं नाही. मी म्हटलं, जिंकलो.

कुठलं काय! पंधरा दिवसांनी कीबोर्डवाला रोशन दुकानात हजर. खांद्यावर कीबोर्डची पेटी, मधोमध खचलेली. उजवीकडे चौकोन.

"पंकजभाऊ, माह्या पेटीलेही छप्पर लावून दे ना."

"प्रणाली कुठं बसली होती?" मी विचारलं.

"ती? ती उभीच राहते ना."

मला परत तसाच संताप आला, पण या वेळी हसूही आलं. माझ्या दुकानावर पाटी आहे, हाताएवढ्या अक्षरात, 'सीट'. पार्टीतल्या एकानं तरी ती वाचावी? सीटवाल्याकडे येऊन हे लोक केस दुरुस्त करतात, पेट्या दुरुस्त करतात, आणि टेम्पोत सीट नाही हे मला कोणीच सांगत नाही!

"छप्पर नाही लावत," मी रोशनला म्हटलं. "टेम्पो घेऊन ये."

टेम्पो आत्ता दुकानासमोर उभा आहे. दोन्ही बाजूंनी बाकं लावतोय, वर जाड फोम. आता माझ्याकडे कोणी काही दुरुस्तीला आणलं की मी वस्तूकडे नंतर बघतो. आधी विचारतो, तुमच्यात बसायला कोणाला मिळत नाही? भाऊ सकाळी येऊन सांगून गेले, खिडकीजवळची जागा माही.

तिथं प्रणालीचं माप घेऊन झालं होतं.