डब्लिनची तिसरी फेरी

व्हायोलिन अमेरिकेला न्यायचं नाही, असं मी रत्नागिरीतच जाहीर केलं होतं. माझी नणंद कुमुदताई गेली त्या दिवसापासून, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं, मी त्याची केस उघडलेली नव्हती. एकतीस वर्षं ती गायली आणि मी तिच्या मागे वाजवलं. गाणारीच उरली नाही तर साथ कुणाची करायची? पण आमचे हे म्हणजे गोड बोलून आपलंच खरं करणारे. निघताना पाहते तर कुळथाच्या पिठाच्या बॅगेशेजारी केस उभी. म्हणे, "इथल्या दमट हवेत लाकूड फुगतं, तिकडे बरं राहील." दमट हवेची काळजी यांना दोन वर्षांनी सुचली!

माझी मुलगी ऋचा ओहायो राज्यातल्या डब्लिन गावात राहते. नाव आयर्लंडच्या राजधानीचं, म्हणून दुकानांच्या पाट्यांवर जागोजागी हिरवं तिपानी पान. गावात एके ठिकाणी माणसाएवढी सिमेंटची मक्याची कणसं ओळीनं उभी केली आहेत. पूर्वी इथे मक्याचं शेत होतं, त्याची आठवण म्हणे.

"आणि ते शेत?" मी विचारलं.

"आता सगळी ऑफिसेस आहेत गं, आई."

आठवण जपायची तर मूळ वस्तू जायलाच हवी की काय, असं मनात येऊन गेलं.

दुसऱ्या रविवारी दुपारी ऋचा मला एका पबमध्ये घेऊन गेली. "आई, तिथे सेशन असतं. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. तू फक्त ऐक, ओके? वाजवायला कोणी फोर्स नाही करणार." डिकीत केस कुणी ठेवली, हे विचारायचं मी टाळलं.

सेशन म्हणजे येईल त्याने वाद्य घेऊन बसायची बैठक. मंच नाही, माईक नाही, समोर कागद नाही. सहा-सात जण एकमेकांकडे तोंड करून गोल बसलेले आणि आमच्याकडे चक्क पाठ! आमच्याकडे असं केलं तर कलाकाराला चहासुद्धा मिळायचा नाही. जिग (सहाच्या वजनाची चाल, आपल्या दादऱ्याच्या जवळची) झाली, रील (चाराच्या वजनाची, धावती) झाली. प्रत्येक चाल तीनदा वाजायची आणि न थांबता दुसरीत शिरायची. मधल्या विश्रांतीत वाजवणाऱ्यांतल्या मॉरीन नावाच्या बाईंनी मला सोडा ब्रेड (यीस्ट न घालता सोड्यावर फुगवलेला पाव) आणून दिला, वर बोटभर लोणी. सत्तरीच्या, निवृत्त नर्स. त्यांचे आजोबा आयर्लंडहून आले होते. पाव जरा कोरडा होता, पण लोण्यानं निभावलं.

पुढची चाल सुरू झाली आणि मी ताठ झाले. तिचा सा पांढरी पाच पट्टीत होता. कुमुदताईची पट्टी. एकतीस वर्षं माझ्या तारा याच सुरात लागल्या होत्या.

"डिकी उघड," मी ऋचाला म्हटलं.

तारा उतरल्या होत्या, पण एकही तुटली नव्हती. त्या पुन्हा सुरात लावून घेतल्या. मला खुर्चीवर वाजवता येत नाही. चपला काढल्या, जमिनीवर मांडी घातली आणि व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवलं. ऋचाचा चेहरा लाल झाला. मॉरीनबाईंनी मात्र मुकाट्यानं आपला कोट माझ्याखाली अंथरला.

आणि मी घोळ घातला. सवयीप्रमाणे साथ केली. ओळ संपायची वाट पाहायची, तिचं शेपूट धरायचं, मधली जागा भरायची. पण यांच्या चालीत मोकळी जागाच नव्हती. सगळे एकच ओळ एकदम वाजवत होते आणि मी एकटीच अर्धी मात्रा मागे रेंगाळत होते. बासरीवाला अडखळला, मग दुसरा, आणि चाल थांबली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मॉरीनबाई हसल्या नाहीत. "हात फार सुंदर आहे तुमचा," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही कुणाच्या मागे चालला आहात? इथे पुढे कुणीच नाही."

दोन वर्षं जे स्वतःशी बोलले नव्हते, ते एका परक्या बाईनं सहज बोलून टाकलं. माझे डोळे भरून आले.

"आता तुम्ही सुरू करा," त्या म्हणाल्या. "नव्या माणसानं एक चाल द्यायची, ही इथली रीत. पहिली फेरी तुमची एकटीची. दुसरीला आम्ही ऐकून बोटं शोधू. तिसरीला येऊ."

"मला नाही जमायचं. मी कधी सुरू केलेलं नाही."

"आई, प्लीज यार," ऋचा हळूच म्हणाली, "आत्या असती तर ओरडली असती तुला."

ते खरंच होतं. मी भूपातला अभंग धरला, कुमुदताई ज्यानं कार्यक्रम सुरू करायची तो. पहिली ओळ संपली आणि गज आपोआप थांबला. इथे ती श्वास घेऊन पुढचं उचलायची. सगळे माझ्याकडे बघत होते. कुणी उचललं नाही. मग मीच उचललं.

दुसऱ्या फेरीला आजूबाजूला बारीक खुसपूस ऐकू आली, तारांवर चाचपडणाऱ्या बोटांची. तिसऱ्या फेरीला चार फिडल माझ्यामागे आली. चुकत, सावरत, पण आली. एकतीस वर्षांत माझ्या मागे कुणी वाजवलेलं मी प्रथमच ऐकत होते. मागून हात फिरल्यासारखं वाटलं. कुमुदताईला रोज हेच वाटत असणार, आणि ती मला कधी बोलली नाही.

"ही तर आमच्या स्कॉटलंडकडची चाल!" ग्लेन नावाचा दाढीवाला म्हणाला. "आमच्या कितीतरी चाली याच पाच सुरांत आहेत." मी वाद घातला नाही.

उरलेले पाचही रविवार मी मॉरीनबाईंचा कोट अडवून बसले.

परत आले त्यानंतर आठच दिवसांनी कुमुदताईचं दुसरं वर्षश्राद्ध होतं. गेल्या वर्षी आमच्या भजनी मंडळाच्या बायका नुसत्या बसून चहा पिऊन गेल्या होत्या. या वेळी मी सतरंजीवर केस उघडली, तशी एकीनं विचारलं, "वहिनी, पण गाणार कोण?"

"मी सुरू करते," मी म्हटलं. "तुम्ही तिसऱ्या फेरीला या."